तीनदा नागरिक झालेला माणूस



या देशाने ज्याला तीन वेळा नागरिकत्व दिले आणि त्यातले दोन वेळा परत घेतले, अशा एका माणसाची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव भगतसिंग थिंद. (स्वातंत्र्यासाठी फाशी गेलेले भगतसिंग ते वेगळे बरं का!)

थिंद यांचा जन्म १८९२ साली पंजाबात, अमृतसर जिल्ह्यातल्या एका शीख कुटुंबात झाला. १९१३ मध्ये, विशीत, ते अमेरिकेत आले. ऑरेगन राज्यात लाकूड कापण्याच्या कारखान्यात त्यांनी काम केले. पहिले महायुद्ध चालू होते. जुलै १९१८ मध्ये थिंद अमेरिकन सैन्यात भरती झाले. पगडी आणि दाढी तशीच ठेवून त्यांनी सैन्यातली नोकरी केली.

९ डिसेंबर १९१८ रोजी, अंगावर लष्करी गणवेश असताना, वॉशिंग्टन राज्यात त्यांना नागरिकत्व मिळाले. चारच दिवसांत ते रद्द झाले. कारण काय? तर ते गोरे नाहीत! १७९० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांना नागरिक होता येत असे. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही तो हक्क मिळाला. आपल्यासारख्यांचे नाव त्या कायद्यात कुठेच नव्हते. गंमत म्हणजे त्याच महिन्यात सैन्याने उत्तम वर्तनाचा दाखला देऊन त्यांना निरोप दिला.

थिंद यांनी ऑरेगनमध्ये पुन्हा अर्ज केला. ते भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या गदर चळवळीच्या बाजूचे आहेत, असा आक्षेप सरकारी अधिकाऱ्याने घेतला. न्यायाधीशांनी तो मानला नाही आणि १९२० मध्ये त्यांना दुसऱ्यांदा नागरिक केले. सरकार अपिलात गेले आणि खटला सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला.

आता इथे नीट लक्ष द्या. नोव्हेंबर १९२२ मध्ये याच कोर्टाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना नागरिकत्व नाकारले होते. ते वीस वर्षे अमेरिकेत राहिले होते, इथेच शिकले होते. कोर्ट म्हणाले, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी लोक त्या वंशाचे नाहीत. त्या वेळचे वंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणत. मग थिंद नक्की जिंकणार, नाही का? पण तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, कोर्ट म्हणाले की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनीच लिहिले. त्यांचा स्वतःचा जन्म इंग्लंडमधला! आम्हा प्रोग्रॅमर मंडळींच्या भाषेत सांगायचे तर, उत्तर आधीच ठरलेले होते, अट मागाहून लिहिली गेली.

या खटल्यातली एक गोष्ट मात्र पालकांनी मुलांना जरूर सांगावी. थिंद यांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की ते उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे आहेत, आणि उच्च जातीचा हिंदू आदिवासींकडे जसा बघतो तसाच गोरा अमेरिकन काळ्या माणसाकडे बघतो. ज्या शीख धर्मात जातिभेद मानत नाहीत, त्या धर्माच्या माणसासाठी हा युक्तिवाद! कायद्यातली भिंतच चुकीची आहे, असे कोणी म्हटले नाही. मला भिंतीच्या आतल्या बाजूला घ्या, एवढेच मागणे होते. कायदा तेव्हा तसा होता हे खरे, पण हे वाचताना मान खाली जाते.

या निकालानंतर सरकारने इतर भारतीयांचे नागरिकत्वही काढून घ्यायला सुरुवात केली. थिंद यांचे एक वकील सखाराम गणेश पंडित हे १९१४ पासून नागरिक होते. त्यांच्यावरही खटला भरला गेला. या वेळी पंडितांनी कोर्टाला आपले इथले आयुष्य दाखवले. तुम्ही मला नागरिक केलेत, त्या भरवशावर मी वकिली केली, घर घेतले, लग्न केले, असे त्यांचे म्हणणे होते. १९२६ मध्ये अपील कोर्टात ते जिंकले. रक्ताचा दाखला देऊन जे राखता आले नव्हते, ते त्यांनी राखले.

पुढे १९३५ मध्ये महायुद्धात लढलेल्यांसाठी वेगळा कायदा झाला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये थिंद तिसऱ्यांदा नागरिक झाले. ते कायमचे! त्यांनी गावोगावी अध्यात्मावर व्याख्याने दिली, पुस्तके लिहिली. सर्व भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क १९४६ मध्ये मिळाला, आणि नागरिकत्वासाठीची वंशाची अट १९५२ मध्ये गेली. थिंद १९६७ मध्ये वारले.

मुलांनो, आपण कोण हे सरकारी कागदावर किती वेळा बदलले पाहा. १९२० ते १९४० च्या जनगणनांमध्ये भारतीयांच्या वंशाच्या रकान्यात 'हिंदू' लिहीत, मग तो शीख असो की मुसलमान. १९७० मध्ये आपल्याला गोऱ्यांत मोजले. १९८० मध्ये भारतीयांसाठी वेगळा चौकोन आला. माणसे तीच होती. तेव्हा कोणी वर्गात विचारले की तू नक्की कुठला, तर गोंधळून जाऊ नका.

पुढच्या वर्गाला येताना आई-बाबांना एक प्रश्न विचारून या. तुम्ही या देशाचे नागरिक का झालात, किंवा का झाला नाहीत? उत्तर मराठीत पाच ओळींत लिहून आणा.