शहराचे जोते उंचावणारा इंजिनीअर

घर बांधताना जोते किती उंच घ्यावे, हा प्रश्न नदीकाठच्या माणसाला नवा नाही. मागच्या पुराचे पाणी कुठवर चढले होते ते पाहायचे आणि जोते त्याच्या वर न्यायचे, इतका तो सरळ हिशेब आहे. पण उभे शहरच त्या खुणेखाली असेल तर काय करायचे? वयाच्या चौसष्टाव्या वर्षी हेन्री मार्टिन रॉबर्ट यांच्यापुढे हाच प्रश्न आला.

रॉबर्ट यांचे नाव सभाशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. १८३७ साली अमेरिकेतील साउथ कॅरोलिनात जन्मलेले हे गृहस्थ लष्करी इंजिनीअर होते. १८६३ मध्ये एका चर्चच्या सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि सभेत गोंधळ माजला. ती फजिती मनाला लावून घेऊन त्यांनी सभानियमांचा अभ्यास केला. त्यातून १८७६ साली निघालेले त्यांचे पुस्तक अमेरिकेतील असंख्य संस्था आजही प्रमाण मानतात. लष्कराच्या इंजिनीअर विभागाचे प्रमुख म्हणून ते १९०१ मध्ये निवृत्त झाले.

त्याआधीच, ८ सप्टेंबर १९०० रोजी, टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या बंदरावर चक्रीवादळ कोसळले होते. वाळूच्या बेटावर वसलेल्या या संपन्न शहरातील सर्वांत उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ फुटांवर होती. पाणी मात्र पंधरा फुटांहून अधिक चढले. किमान सहा हजार माणसे दगावली.

शहराने तिघा इंजिनीअरांची समिती नेमली. रॉबर्ट यांच्यासोबत आल्फ्रेड नोबल आणि एच. सी. रिप्ली हे तिचे सदस्य होते. जानेवारी १९०२ मध्ये समितीने अहवाल दिला. समुद्राकाठी सतरा फूट उंचीची भिंत बांधावी, एवढ्यावर न थांबता भिंतीमागची जमीनही उंच करावी, असे तिने सुचवले. ही जमीन भिंतीपाशी सर्वाधिक उंच आणि खाडीकडे उतरती ठेवायची होती. त्यामुळे भिंतीला पाठबळ मिळणार होते आणि आत आलेले पाणी वाहून जाणार होते.

भिंत १९०४ मध्ये पुरी झाली. जमिनीचे काम १९०३ ते १९११ पर्यंत चालले. शहरातून कालवा खोदून गाळ उपसणारी जहाजे आत आणली गेली. दोन हजारांहून अधिक इमारती स्क्रू-जॅकवर उचलून त्यांच्याखाली पाण्यात कालवलेली वाळू सोडण्यात आली. तीन हजार टनांचे सेंट पॅट्रिक चर्चही पाच फूट वर गेले. भरावाचा खर्च सार्वजनिक निधीतून झाला, पण घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा होता. लोक फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करीत होते आणि खाऱ्या पाण्याने झाडे मरत होती. तरीही नागरिकांनी ते सारे सहन केले.

१९१५ मध्ये मोठे वादळ पुन्हा आले. या वेळी शहरातील मृतांची संख्या डझनाच्या आसपास राहिली. आपण ठरवलेली पातळी कसाला उतरलेली रॉबर्ट यांना पाहता आली. १९२३ साली त्यांचे निधन झाले.

या यशाला एक पुरवणी मात्र जोडावी लागते. २००८ मध्ये ‘आइक’ वादळात भिंत टिकली, पण पाणी मागून, खाडीच्या सखल बाजूने शहरात शिरले. जोत्याची उंची एकदा ठरवली की काम संपले, असे समजून चालत नाही. पाण्याची नवी खूण दिसली की ती पुन्हा मोजावी लागते आणि त्याचा खर्च पुढच्या पिढीलाही सोसावा लागतो.