चित्रकलेतून कारखान्यात : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मौद्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या पाहून आपल्या शाळेतल्या पुष्कळ पोट्ट्यांना इंजिनियर व्हावंसं वाटतं. मलाही वाटतं. पण गणितात मार्क कमी असले की घरचे म्हणतात, ते आपलं काम नाही. म्हणून मी लक्ष्मणरावांची माहिती मिळवली. ते इंजिनियरिंग कॉलेजात कधी शिकले नव्हते.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रं आणि यंत्रं, या दोनच गोष्टींत जीव. वडिलांना हे पसंत नव्हते, पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी राहिले. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. दोन वर्षांनी कळले, की त्यांना काही रंगांतला फरकच दिसत नाही. झालं! चित्रकार होणे संपले.

पण रेषा तर नीट दिसत होत्या. मग ते यंत्रांची चित्रं काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. रिकाम्या वेळी वर्कशॉपमध्ये जात. मला हीच गोष्ट मोठी वाटते. यंत्राच्या चित्रात माप असतं, कोन असतो, प्रमाण असतं. म्हणजे गणित सुटलं नव्हतंच, ते पट्टी आणि कंपासमधून हातात आलं.

पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, म्हणून त्यांनी नोकरी सोडली. बेळगावला भावांचे सायकलचे दुकान होते. तिथे आधी कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. शेतकरी तो घेईनात! लोखंडाने जमिनीत विष उतरेल, अशी भीती. नांगर कितीतरी दिवस तसेच पडून होते. १९१० साली औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिले, तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९५६ साली ते वारले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, त्यांचे टपाल तिकीट निघाले.

आता दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा कोर्स असतो. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा. तो झाला की डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. डिप्लोमात गणित आहेच, ते कोणी माफ करत नाही. मी सध्या भूमितीपासून सुरुवात केली आहे. कोन काढायला मला आवडतं.