मुंबईत वीज ट्राम आली आणि वेधशाळा अलिबागला गेली! कोण होते नानाभाई मूस?

बदलापूर लोकल अंबरनाथला थांबली की डब्यातल्या हँडलकडे जरा बघा. गाडी थांबते, पण रिकामी हँडल्स थोडा वेळ डोलतच राहतात. प्रत्येक झोका आधीपेक्षा लहान होत जातो आणि मग सगळं शांत. याला म्हणतात मुक्त कंपन. झोका लहान करणारं घर्षण म्हणजे डॅम्पिंग, मराठीत अवमंदन.

हे डॅम्पिंग नसेल तर काय होतं? त्यासाठी सव्वाशे वर्षं मागे, कुलाब्याला जाऊया.

नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म 1859 चा. पुण्यात आणि एडिनबरात शिक्षण झालं. 1896 मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. इथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद 1840 च्या दशकापासून सलग सुरू होती.

1898 मध्ये कुलाब्यात मिल्न पद्धतीचा भूकंपमापक बसला. हे यंत्र म्हणजे एक आडवा लोलक. अडचण अशी, की त्यात डॅम्पिंग जवळपास नव्हतंच. एकदा हलला की लोलक डोलतच राहायचा. मग कागदावरची रेघ जमिनीची किती आणि लोलकाची स्वतःची किती, हे वेगळं करणं कठीण. पुढच्या काळात हवेने आणि चुंबकाने झोके आवरणारे भूकंपमापक आले, तेव्हा रेघ विश्वासार्ह झाली.

लटकवलेली चुंबकसुईही अशीच डोलते. जवळ तांबं ठेवलं की त्यात वीजप्रवाह तयार होतो आणि झोका लवकर शमतो.

पण मूस यांच्यासमोरचं खरं संकट तांब्याने सुटणारं नव्हतं. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार होत्या. रुळांतून आणि जमिनीतून वाहणाऱ्या विजेमुळे सुईभोवतीचं चुंबकीय क्षेत्रच बदललं असतं. डॅम्पिंग सुईचा झोका थांबवतं, बाहेरून येणारा खोटा धक्का नाही. म्हणजे अनेक दशकांची नोंद एका ट्रामपायी तुटणार!

मूस यांनी उपाय काढला. समुद्रापलीकडे, मुंबईपासून साधारण 30 किलोमीटरवर अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. इमारतीत लोखंड टाळलं. 1904 पासून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे जुने आणि नवे आकडे जोडता आले. विजेची ट्राम धावली 1907 मध्ये, पण तोवर काम झालं होतं.

1910 मध्ये त्यांनी 1846 ते 1905 या काळातल्या कुलाब्याच्या नोंदी दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. 1919 पर्यंत ते पदावर होते. 1936 मध्ये त्यांचं निधन झालं.

अलिबागची वेधशाळा आजही सुरू आहे. सूर्यावरच्या वादळांचा अभ्यास करणारे आजही कुलाबा-अलिबागच्या जुन्या नोंदी उघडतात. त्या तुटल्या नाहीत, कारण एका माणसाने ट्राम यायच्या आधीच हालचाल केली.

उद्या लोकलमध्ये हँडल डोलताना दिसलं, तर शेजारच्याला ही गोष्ट नक्की सांगा.