सर सालारजंग (पहिले) : जीवन व कार्य

परंडा ज्या जिल्ह्यात आहे, तो धाराशिवचा मुलूख १८५३ मध्ये निजामाच्या हातून इंग्रजांकडे गेला आणि १८६० मध्ये परत आला. या दोन तारखांच्या दरम्यान हैदराबादचा कारभार ज्यांनी सावरला, त्या दिवाण सालारजंग यांचा परिचय आपण येथे करून घेऊ.

मीर तुराब अली खान यांचा जन्म १८२९ चा. सालारजंग हा त्यांचा किताब. कंटिंजंट फौजेच्या खर्चाचे कर्ज थकल्यामुळे मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. काही दिवसांतच दिवाण असलेले त्यांचे चुलते सिराज-उल-मुल्क वारले आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी दिवाणगिरी त्यांच्याकडे आली.

तेव्हा तिजोरी रिकामी होती. अनेक महाल अरब व रोहिले सावकारांकडे गहाण होते आणि वसुली मक्त्याने दिली जात असे. मक्तेदाराचे लक्ष वसुलीवर; रयत जगते की गाव सोडते, याची त्याला फिकीर नसे. सालारजंगांनी गहाण महाल सोडवले, मक्तेदारी मोडून पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी लागू केली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार व तालुक्यावर तहसीलदार ही घडी तेव्हा बसली.

१८५७ च्या जुलैमध्ये हैदराबादेत रेसिडेन्सीवर हल्ला झाला. सालारजंग इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर परत मिळाले आणि सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. वऱ्हाडाची मागणी त्यांनी पुढेही सोडली नाही. १८७६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेथे त्यांचा सन्मान झाला. पण वऱ्हाड मिळाले नाही. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कारभाराची मर्यादाही ध्यानात घ्यावी. रयत मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी होती. दप्तर मात्र फारसीतच राहिले. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा मक्तेदार गेला, पण आपल्याच जमिनीचा कागद त्याला वाचता येत नव्हता.

विचार करा : १८५७ मधील सालारजंगांची भूमिका संस्थानाच्या हिताची होती, की परसत्तेला बळ देणारी? आपले मत सकारण लिहा.