बर्नार्डिनो रामाझिनी

बर्नार्डिनो रामाझिनी (४ ऑक्टोबर, इ.स. १६३३:कार्पी, इटली - ५ नोव्हेंबर, इ.स. १७१४:पादुआ, इटली) हे इटालियन वैद्य व प्राध्यापक होते. त्यांना व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचे जनक मानले जाते. कामाच्या ठिकाणच्या सततच्या गोंगाटामुळे कारागिरांना येणाऱ्या बहिरेपणाचे वर्णन त्यांच्या ग्रंथात आढळते.

जीवन

रामाझिनी यांचे आरंभीचे शिक्षण कार्पी येथील जेझुइट शाळेत झाले. इ.स. १६५९ मध्ये त्यांनी पार्मा विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळविली. त्यानंतर रोमच्या उत्तरेकडील कानिनो व मार्ता या गावांच्या परिसरात त्यांनी रुग्णसेवा केली. परंतु हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना कार्पीला परतावे लागले. इ.स. १६७१ मध्ये ते मोदेना येथे स्थायिक झाले. इ.स. १६८२ पासून तेथे आणि इ.स. १७०० पासून पादुआ विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. उतारवयात दृष्टी अधू होऊनही त्यांनी हे कार्य सोडले नाही.

ग्रंथ

मोदेना येथील घराचा मैलाकूप उपसणारा एक कामगार घाईघाईने काम करताना रामाझिनी यांना दिसला. या कामात फार वेळ राहिल्यास डोळे जातात, असे त्याच्याकडून कळल्यावर त्यांनी निरनिराळ्या कारागिरांच्या व्याधींचा शोध घेण्यास आरंभ केला. ते स्वतः कामाच्या जागी जाऊन पाहणी करीत. हिप्पोक्रेटिसने सांगितलेल्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली. रोग्याला त्याचा व्यवसायही विचारावा, असा त्यांचा आग्रह होता. या अभ्यासातून 'दे मॉर्बिस आर्टिफिकम डियाट्रिबा' हा लॅटिन ग्रंथ इ.स. १७०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची वाढविलेली आवृत्ती इ.स. १७१३ मध्ये निघाली.

तांबटांचा बहिरेपणा

व्हेनिस शहरातील तांबटांच्या वस्तीचे वर्णन या ग्रंथात आहे. दिवसभर वाकून तांबे ठोकणाऱ्या या कारागिरांना प्रथम ऐकू कमी येते आणि म्हातारपणी ते पूर्ण बहिरे होतात, असे रामाझिनी यांनी नोंदविले. सततच्या आघातांनी कानाच्या पडद्याचा ताण नाहीसा होतो, अशी त्यांची उपपत्ती होती. ती अपुरी ठरली, तरी बहिरेपणाचे कारण केवळ वय नसून काम आहे, हा त्यांचा निष्कर्ष टिकला. इ.स. १८८६ मध्ये टॉमस बार यांनी ग्लासगो येथील १०० बॉयलर-कारागिरांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी एकाचीही श्रवणशक्ती निर्दोष आढळली नाही.

आधुनिक स्पष्टीकरण

अंतर्कर्णातील शंखाकृती भागात असलेल्या केसपेशी ध्वनिकंपनांचे मज्जासंदेशांत रूपांतर करतात. तीव्र आवाज दीर्घकाळ कानी पडल्यास या पेशी नष्ट होतात व माणसात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. हानी बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांपासून सुरू होते. त्यामुळे स, श यांसारखी व्यंजने नीट ऐकू येत नाहीत. बोलणे कानी पडते, पण शब्द उमगत नाही. ही हानी वेदनारहित व संथ असल्याने ती अनेकदा वार्धक्याची खूण समजली जाते. आवाजाची पातळी आणि त्यात काढलेला वेळ या दोहोंवर ती अवलंबून असते. गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही. म्हणून यंत्राचा आवाज कमी करणे, कामाची वेळ मर्यादित ठेवणे, कर्णरक्षक वापरणे व नियमित श्रवणचाचणी करणे हेच उपाय उरतात.

भारतातील स्थिती

भारतातील कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटजन्य श्रवणहानीचा अधिसूचनीय रोगांत समावेश होता. कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबल ही मर्यादा वापरली जाते. हा धोका मोठ्या कारखान्यांपुरता नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत भांडी मठारण्याचे काम आजही हातोड्याने होते. अशा घरगुती व्यवसायांत आवाजाची मोजणी किंवा श्रवणचाचणी क्वचितच होते. त्यामुळे रुग्णाला व्यवसाय विचारण्याची रामाझिनी यांची शिकवण तेथे विशेष उपयुक्त ठरते.

स्मृती

रामाझिनी यांच्या नावाने इ.स. १९८२ मध्ये 'कोलेजियम रामाझिनी' ही व्यावसायिक व पर्यावरणीय आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.