बेथेलचे रेव्हरंड नारायण शेषाद्री

आष्टी, परतूर, अंबड ह्या भागातील वाचकांस जालन्याजवळचे बेथेल नावाने तरी ठाऊक असेल. परंतु ते वसविणारा पुरुष कोण, तो आला कोठून आणि येताना मागे काय टाकून आला, हे आपल्या मुलांस सांगणारी वडील माणसे आता थोडी उरली आहेत. म्हणून हा अल्प वृत्तांत.

नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. मुंबईत डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनी 1832 साली जी शाळा स्थापिली, आणि जिचे पुढे विल्सन कॉलेज झाले, तेथे त्यांचे शिक्षण झाले. रॉबर्ट नेस्बिट साहेब हे त्यांचे गुरू. साहेब 1827 साली हिंदुस्थानात आले होते व मराठी उत्तम जाणत. गुरुशिष्यांचा संबंध पाठापुरता राहिला नाही. मनातील शंका नारायणराव त्यांजपाशी उघड करीत. सन 1839 मध्ये त्याच शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतल्यामुळे शहरात मोठा क्षोभ माजला होता. त्या मार्गाने जाणाऱ्याच्या वाट्यास काय येते, हे नारायणरावांनी जवळून पाहिले होते. इतके असूनही 1843 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ह्यानंतर जे घडले ते त्यांच्या चरित्रातील सर्वांत दुःखद प्रकरण होय. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा वर्षे, हाही नेस्बिट साहेबांच्या घरी राहू लागला. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली. मुलगा अल्पवयी असल्यामुळे त्यास वडिलांच्या हवाली करावे असा निकाल झाला. तो बाप्तिस्मा न घेताच परतला. परंतु साहेबांच्या घरी जेवला होता, म्हणून जात त्यास घेईना. बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले व प्रायश्चित्त देऊन मुलास जातीत घ्यावे म्हणून झटले. त्याबद्दल कर्मठ मंडळींनी त्यांनाही पुष्कळ त्रास दिला. बाळशास्त्री ख्रिस्ती नव्हते, मिशनऱ्यांचे विरोधकच होते. तथापि त्या एकट्या पोराची कणव त्यांस आली, हे आपण ख्रिस्ती लोकांनी कृतज्ञतेने स्मरावे. आणि बापाचेही दुःख हलके मानू नये. एक मुलगा गेला, दुसरा न्यायालयातून परत आणावा लागला. त्या घरात त्या वर्षी काय वेळ आली असेल, हे ज्यास लेकरे आहेत त्यास सांगावयास नको.

त्याच वर्षी स्कॉटलंडात मंडळी दुभंगली. विल्सन, नेस्बिट प्रभृती फ्री चर्चकडे गेले व शाळेची मूळ इमारत त्यांस सोडावी लागली. नारायणराव त्यांजबरोबर राहिले व शिकवू लागले. सन 1854 मध्ये त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. बाबा पदमनजी ह्याच शाळेतले. त्यांनीही त्याच वर्षी बेळगावी बाप्तिस्मा घेतला. पुढच्याच वर्षी नेस्बिट साहेब पटकीने वारले.

मुंबईत मान होता, इंग्रजीवर प्रभुत्व होते, सुशिक्षितांत ऊठबस होती. कोणी म्हणेल, अशा मनुष्याने तेथेच राहून पंडितांशी वाद करावे. नारायणराव 1860 नंतरच्या वर्षांत जालन्यास आले. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता व जालन्यास लष्कराची छावणी होती. आगगाडी ह्या बाजूस आली ती त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांचा सारा प्रवास त्या आधीचा.

येथे त्यांचे ऐकणारे मिळाले ते बहुतेक मांग, ज्यांस आज आपण मातंग म्हणतो. दोरखंड वळावे, केरसुण्या बांधाव्या, लग्नात वाजवावे, आणि मोबदल्यात गावाने देईल ते घ्यावे, ही त्यांची गावकी. मनुष्य ख्रिस्ती झाला की हे तुटे. वाजंत्रीस नकार दिला तर बलुते बंद, आणि पाणी तर मुळीच दुसऱ्याच्या हाती. नुसता उपदेश करून अशांस गावात सोडून देणे हे नारायणरावांस रास्त वाटले नाही. हैदराबादचे दिवाण सालारजंग ह्यांच्या सरकाराकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळविली, आणि तेथे बेथेल वसविले. याकोबाने धोंडा उशास घेऊन जेथे रात्र काढली, त्या स्थळाचे हे नाव. घर सोडून निघालेल्यांच्या गावास ते शोभतेच.

जन्माने ब्राह्मण असलेला पाळक आणि मांगांची वस्ती, एकच उपासना व एकच प्रभुभोजनाचे मेज: त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. अशा गावात पाळकास नुसते प्रवचन सांगून भागत नाही. शाळेत न येणारे पोर, तुटू पाहणारा संसार, शेतीचे तंटे, सर्व त्याच्याच दारी येतात. ख्रिस्ती लोकांचे निराळे गाव करावे की नाही, ह्याविषयी पुढे मतभेद झाले. शेजाऱ्यांपासून आपण तुटतो आणि सर्व गोष्टींसाठी मिशनकडे पाहण्याची सवय लागते, हा आक्षेप माझ्या मते खरा आहे. पण हाताला शेत आणि पाण्याला आड नसता ती पहिली कुटुंबे टिकली असती का, ह्याचेही उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी दिले पाहिजे.

सन 1873 मध्ये न्यूयॉर्क येथे इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली, तीस नारायणराव हिंदुस्थानातून गेले. तेथे ते आपल्या देशी पोशाखात, डोक्यास पागोटे घालून उभे राहिले, व इंग्रजीत बोलले. धर्म बदलला म्हणजे पागोटे बदलावे लागते असे त्यांस वाटत नव्हते. इकडच्या कित्येक ख्रिस्ती घरांत मात्र तेव्हाही आणि नंतरही टोपी व बुटांचे वेड होते!

विल्सन साहेब 1875 साली मुंबईत वारले. शिष्य त्यानंतरही पुष्कळ वर्षे काम करीत राहिला. परदेशच्या मंडळ्यांस जालन्याची हकिकत सांगावी, मदत मिळवावी आणि परत यावे, असा त्यांचा क्रम होता. अशाच एका प्रवासात, 1891 साली, समुद्रावर असता नारायणरावांचा अंत झाला.