दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (जन्म : डहाणू, १७ जानेवारी १९०५, मृत्यू : देवळाली, १९८६) हे एक मराठी गणितज्ञ व शिक्षक होते. ६१७४ ही संख्या ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखली जाते.

जीवन
कापरेकरांचे शालेय शिक्षण ठाण्यात व महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे अध्यापन केले. १९६६ साली पत्नीच्या निधनानंतर निवृत्तिवेतन अपुरे पडू लागल्याने त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या.

संशोधन
सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. उदाहरणार्थ, ३५२४ पासून अनुक्रमे ३०८७, ८३५२ व ६१७४ मिळतात. त्यापुढे उत्तर बदलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला.

तीन अंकी संख्यांसाठी हा स्थिरांक ४९५ आहे. दोन अंकी संख्या मात्र स्थिरावत नाहीत. त्या ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ अशा आवर्तनात फिरत राहतात. पाच अंकी संख्यांतही स्थिरांक नसून आवर्तनेच आढळतात. ५३९५५ व ५९९९४ या एकमेकींना जन्म देतात. जॉन कॉनवे यांच्या ‘लाइफ’ या पेशी-स्वयंचलाच्या खेळातही काही आकृत्या स्थिर राहतात, तर काही दोलकांप्रमाणे ठरावीक पायऱ्यांनी मूळ रूपात परततात. साधा नियम पुनःपुन्हा लावल्यास काय घडते, हाच दोन्हींचा विषय होय.

स्वयंभू संख्या, हर्षद संख्या व डेम्लो संख्या यांचाही अभ्यास कापरेकरांनी केला. ज्यांच्या वर्गाचे दोन भाग करून त्यांची बेरीज केल्यास मूळ संख्याच परत मिळते, अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात; जसे, ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५.

मान्यता
त्यांचे संशोधन क्षुल्लक मानून अनेक भारतीय गणितज्ञांनी त्याची उपेक्षा केली. बरेचसे लेखन त्यांनी पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच प्रसिद्ध केले. मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात १९७० साली कॉनवे यांचा खेळ लोकांपुढे आणला होता, त्याच सदरात मार्च १९७५ मध्ये त्यांनी कापरेकरांविषयी लिहिले. त्यानंतर कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.